आतल्या आवाजाची पारख : बुऱ्हाणपूरच्या कबीरपरंपरेचा धडा

बारावीनंतर कोणती शाखा घ्यावी, परगावची नोकरी स्वीकारावी की वृद्ध आईवडिलांपाशी राहावे, जुळत आलेल्या स्थळाला होकार द्यावा की नकार, अशा प्रत्येक वळणावर माणसाला एक सल्ला हमखास मिळतो : ‘तुझे मन काय सांगते ते ऐक.’ सल्ला प्रेमाने दिलेला असतो आणि तो चुकीचाही नसतो. अडचण एवढीच, की ज्याला तो दिला जातो त्याच्या मनात त्या वेळी एकच आवाज नसतो. भीती बोलत असते, हौस बोलत असते, लहानपणी वारंवार ऐकलेले एखाद्या वडीलधाऱ्याचे बोल आपलेच असल्यासारखे आतून उमटत असतात आणि या गलबल्यात कुठेतरी अनुभवातून आलेले शहाणपणही असते. यांपैकी अंतःकरणाचा खरा कौल कोणता, हे कसे ओळखावे?

प्रश्न जुना आहे. त्याचे एक काटेकोर उत्तर तापीकाठच्या बुऱ्हाणपूर शहरात रुजलेल्या कबीरपंथी परंपरेने दिले. त्या उत्तराचा गाभा एका शब्दात सामावतो आणि तो शब्द मराठीलाही परका नाही : पारख.

निर्णय मंदिर आणि पारखीचा विचार

मध्य प्रदेशातील बुऱ्हाणपूर महाराष्ट्राच्या सीमेलगत आहे. २००३ साली ते जिल्ह्याचे ठिकाण झाले, परंतु शेजारच्या खानदेशाशी त्याचे नाते कितीतरी जुने आहे. इतिहासाच्या पुस्तकांत हे शहर फारुकी सुलतानांची राजधानी, मुघलांचे दख्खनच्या वाटेवरील मोठे ठाणे आणि १६३१ मध्ये मुमताज महलचा जेथे अंत झाला ते गाव म्हणून येते. कबीरपंथाच्या इतिहासात त्याचे महत्त्व वेगळ्या कारणाने आहे. येथील कबीर निर्णय मंदिर हे त्या पंथातील पारखवादी शाखेचे प्रमुख पीठ मानले जाते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात येथे पूरणसाहेबांनी कबीरांच्या ‘बीजक’ या ग्रंथावर ‘त्रिज्या’ नावाची विस्तृत टीका लिहिली. रमैनी, शब्द आणि साखी अशा भागांत विभागलेल्या बीजकातील वचने गूढ असल्याने त्यांचे अर्थ अनेक तऱ्हांनी लावले जात होते. पूरणसाहेबांच्या टीकेने त्या वाचनाला एक निश्चित दिशा दिली. त्यांच्या ‘निर्णयसार’ या दुसऱ्या ग्रंथाच्या आणि या मंदिराच्या नावातही ‘निर्णय’ हाच शब्द आहे, हे लक्षणीय ठरते.

पारखवादाचे म्हणणे थोडक्यात असे मांडता येते. कोणताही शब्द केवळ तो उच्चारला गेला म्हणून प्रमाण ठरत नाही. तो ग्रंथात असो, गुरूच्या मुखात असो, लोकरूढीत असो वा स्वतःच्या मनात उठलेला असो, त्याची पारख व्हावी लागते. अनुमान आणि कल्पना यांना सत्य समजून माणूस त्यांच्यामागे फरफटत जातो. त्यातून सोडवणूक करणारी शक्ती बाहेर कुठे नसून जाणणाऱ्या जीवापाशीच असते. गुरूचे काम आयते उत्तर देण्याचे नाही, शिष्याला पारखी बनवण्याचे आहे.

या विचारात दोन गोष्टी एकत्र आल्या आहेत. पहिली म्हणजे माणसावरचा मोठा विश्वास : खरे-खोटे ओळखण्याची क्षमता त्याच्याच ठायी आहे. दुसरी म्हणजे मनाविषयीची सावधगिरी : मनात उमटलेली प्रत्येक गोष्ट खरी नसते. आत्मविश्वासाचे धडे देणाऱ्या आजच्या पुस्तकांत बहुधा पहिली गोष्ट ठळकपणे येते आणि दुसरी गळून पडते. मग आत्मविश्वासाचा अर्थ ‘मला जे वाटते तेच बरोबर’ असा होऊन बसतो आणि एकदोन निर्णय फसले, की तोच माणूस स्वतःवरचा उरलासुरला भरवसाही गमावतो.

गोमंतकीय वाचकाला या संदर्भात सोहिरोबानाथ आंबिये यांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. १७१४ साली जन्मलेल्या, बांद्याशी आणि पेडण्याशी नाते असलेल्या या संतकवीचे नाव विर्नोडा येथील शासकीय महाविद्यालयाला दिले आहे. त्यांचे सर्वाधिक परिचित पद अंतरातील ज्ञानाच्या दिव्याविषयीचे आहे. त्या प्रतिमेलाही बुऱ्हाणपूरच्या विचाराशी जोडून पाहता येते. दिवा वस्तू दाखवतो, परंतु उजेडात दिसणारी प्रत्येक वस्तू दिवा नसते. तसेच मनात येणारे विचार वेगळे आणि त्यांना पाहणारी जाणीव वेगळी. आतले शहाणपण ऐकायचे म्हणजे या दुसरीपाशी येऊन बसायचे.

सोनाराची रीत

पारख हा शब्द सराफीतला. सोनार दागिना घेतो, काळ्या कसोटीवर त्याची रेघ ओढतो आणि कस ठाऊक असलेल्या सोन्याच्या रेघेशी ती ताडून पाहतो. या साध्या कृतीत पारखीच्या सर्व अटी आहेत. हात स्थिर हवा, तुलनेसाठी ओळखीचा कस हवा आणि निकाल आपल्याला हवा तसाच लागावा असा हट्ट नको. आणखी एक गोष्ट सहज नजरेतून निसटते. दागिन्यात भेसळ निघाली तरी सोनार दागिन्यावर संतापत नाही. किती सोने, किती तांबे, एवढे तो सांगतो. रागावलेल्या वा घाबरलेल्या हाताने कस लावता येत नाही.

ही शेवटची बाब मनाला लावून पाहिली, की आत्मविश्वास आणि स्वतःविषयीची करुणा यांचा संबंध उलगडतो. स्वतःवर विश्वास बसण्यासाठी आतल्या आवाजांची पारख करता आली पाहिजे आणि पारख करण्यासाठी स्वतःकडे न संतापता पाहता आले पाहिजे. म्हणजे करुणा हा आत्मविश्वासाला जोडलेला शोभेचा गुण नाही, ती त्याची पूर्वअट आहे. आधुनिक मानसशास्त्राने या दोन्ही अंगांचा स्वतंत्रपणे अभ्यास केला असून त्याचे निष्कर्ष या जुन्या सराफी शहाणपणाशी बऱ्याच अंशी जुळतात.

अंतःप्रेरणा केव्हा भरवशाची?

अर्थशास्त्राचे नोबेल मिळवणारे मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन हे अंतःप्रेरणेकडे संशयाने पाहणारे. माणूस झटकन काढतो ते निष्कर्ष किती पद्धतशीरपणे चुकतात, हे त्यांनी आयुष्यभर दाखवले. गॅरी क्लाईन हे दुसरे अभ्यासक त्यांच्या विरुद्ध टोकाचे. अनुभवी अग्निशमन अधिकारी कोणताही हिशेब न मांडता योग्य निर्णय कसा घेतात, याचा त्यांनी मागोवा घेतला होता. या दोघांनी एकत्र बसून आपला वाद तपासला आणि २००९ मध्ये संयुक्त लेख प्रसिद्ध केला. अंतःप्रेरणेवर विसंबण्यासाठी दोन अटी पूर्ण व्हाव्या लागतात, यावर त्यांचे एकमत झाले. ज्या क्षेत्रात निर्णय घ्यायचा त्यात काही स्थिर नियमितता असली पाहिजे. आणि त्या माणसाला तेथे दीर्घकाळ वावरून, आपला अंदाज बरोबर ठरला की चुकला हे वेळोवेळी कळण्याची संधी मिळालेली असली पाहिजे.

या कसोटीवर आपल्या परिसरातील उदाहरणे सहज तपासता येतात. पहाटे किनाऱ्यावर उभ्या राहणाऱ्या जुन्या रापणकाराला पाण्याचा रंग आणि वाऱ्याची दिशा पाहून आज जाळे टाकावे की नाही हे आतून कळते. त्याला विचारले तर कारणे सांगता येणार नाहीत, पण ते ज्ञान हवेतून आलेले नसते. समुद्राने त्याच्या प्रत्येक अंदाजाला त्याच दिवशी उत्तर दिलेले असते. रात्री तापलेल्या लेकराच्या कपाळाला हात लावून ‘हा नेहमीचा ताप नव्हे’ असे म्हणणाऱ्या आईचेही तसेच. तिच्या हाताला आधीच्या कित्येक रात्रींची आठवण असते.

याउलट शेअर बाजारातील एखादा समभाग उद्या वर जाईल, अशी ‘आतून खात्री’ वाटणे वा दहा मिनिटांच्या भेटीत एखाद्या उमेदवाराचा स्वभाव ओळखल्याचे वाटणे, हे या दोन्ही अटींत बसत नाही. खात्रीची भावना मात्र दोन्हीकडे सारखीच तीव्र असते. यातील महत्त्वाचा मुद्दा हाच, की आवाज किती ठाम आहे यावरून तो किती खरा आहे हे ठरत नाही.

हा नियम स्वतःविषयीच्या निवाड्यांनाही लागू होतो आणि तेथेच तो अधिक उपयोगी पडतो. ‘मला हे जमणारच नाही’ हे वाक्य मनात किती ठामपणे उमटते! परंतु ज्या कामाला कधी हातच लावलेला नाही, त्याविषयी मनापाशी अनुभव कुठून असणार? हा आवाज शहाणपणाचा वेष घेऊन आलेल्या भीतीचा असण्याची शक्यता मोठी. उलट, ‘या व्यवहारात काहीतरी खटकते’ असे एखाद्याला वाटले आणि तशा प्रकारच्या व्यवहारांत त्याने वर्षे घालवली असतील, तर कारण सांगता येत नाही एवढ्यासाठी तो आवाज दडपणे शहाणपणाचे नाही. कसोटी एकच : या आवाजापाशी आधीच्या ओळखीची रेघ आहे का?

कठोर न्यायाधीशाची अडचण

आपल्याकडे स्वतःशी कठोर वागणे हा सद्गुण समजला जातो. स्वतःला दोष दिला नाही तर माणूस सैलावेल, आळशी होईल, अशी सार्वत्रिक समजूत आहे. ही समजूत प्रयोगाने तपासली गेली आहे. जुलियाना ब्रीनेस आणि सेरेना चेन या अमेरिकी अभ्यासकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगमालिकेत विद्यार्थ्यांना शब्दसंग्रहाची अवघड चाचणी देण्यात आली. ती बहुतेकांना जड जाईल अशीच योजना होती. त्यानंतर एका गटाला, ही चाचणी अनेकांना कठीण जाते, तेव्हा स्वतःवर फार कठोर होऊ नका, असे सुचवले गेले. दुसऱ्या गटाला त्याच्या हुशारीची आठवण करून देण्यात आली आणि तिसऱ्याला काहीच सांगितले नाही. पुढच्या चाचणीपूर्वी अभ्यासासाठी हवा तेवढा वेळ घेण्याची मुभा होती. त्यात पहिल्या गटाने इतरांपेक्षा अधिक वेळ अभ्यास केला. सौम्य वागणूक मिळालेले मन सैलावले नाही, ते पुन्हा कामाला लागले.

याचे कारण समजण्यास अवघड नाही. ज्या घरात कमी गुण मिळाले, की मार बसतो, त्या घरातील मूल उत्तरपत्रिका लपवायला शिकते. माणूस स्वतःशीही असेच वागतो. चूक मान्य केली तर आतून फटके बसणार हे ठाऊक असलेले मन चूक पाहणेच टाळते, सबबी शोधते, दोष दुसऱ्यावर ढकलते किंवा मग ‘मी मुळातच वाईट’ असा सरसकट निकाल देऊन मोकळे होते. या सर्व प्रकारांत नेमके काय चुकले हे तपासायचे राहून जाते. कठोरपणाने शिस्त येते असे वाटते, प्रत्यक्षात पुरावाच नाहीसा होतो.

स्वतःविषयीच्या करुणेची शास्त्रीय व्याख्या टेक्सासमधील मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिन नेफ यांनी २००३ मध्ये मांडली. तिचे तीन घटक आहेत. पहिला, स्वतःशी कडवटपणाने न वागता ममतेने वागणे. दुसरा, आपले अपयश हे आपल्या एकट्याचे नसून माणूसपणाचाच भाग आहे याची जाणीव. तिसरा, दुःखाला दाबून न टाकता आणि त्यात वाहूनही न जाता समतोलाने पाहणे. यात स्वतःचे लाड करण्याचा वा चुकीवर पांघरूण घालण्याचा भाग कुठेही नाही. उलट तिसरा घटक म्हणजे बुऱ्हाणपूरच्या परिभाषेत पारखच आहे.

मुक्ताईने काय केले

ही करुणा कशी असते, याचे मराठी उदाहरण बुऱ्हाणपूरपासून फार दूर शोधावे लागत नाही. तेथून तापीच्या प्रवाहाबरोबर खाली आले, की जळगाव जिल्ह्यातील मुक्ताईनगरचा परिसर लागतो. पूर्वीचे एदलाबाद हे गाव आज मुक्ताबाईच्या नावाने ओळखले जाते. याच परिसरात ती अंतर्धान पावली अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. आषाढीला येथून तिची पालखी लांबचा पल्ला चालून पंढरपूरला जाते.

मुक्ताबाईच्या नावावरील ताटीच्या अभंगांमागची कथा सर्वपरिचित आहे. लोकांनी केलेल्या अवहेलनेने व्यथित झालेले ज्ञानेश्वर झोपडीची ताटी लावून आत बसले. ज्याच्यापाशी असाधारण ज्ञान होते त्यालाच त्या क्षणी त्याचा स्पर्श होईना. धाकट्या बहिणीने बाहेर उभे राहून त्यांना साद घातली. तिने काय केले नाही, हे आधी पाहण्यासारखे आहे. एवढ्यातेवढ्याने रुसणे तुला शोभत नाही, म्हणून तिने त्यांना झिडकारले नाही. लोक वाईटच आहेत, असे म्हणून रागाला खतपाणीही घातले नाही. जे त्यांना आधीच ठाऊक होते, जे त्यांच्याच अंतरात होते, त्याची तिने आठवण करून दिली आणि दार उघडण्याची विनवणी केली.

नेफ यांचे तिन्ही घटक या कथेत दिसतात. आर्जव आहे, संतालाही जगाचे बोलणे सोसावे लागते ही समज आहे आणि रागाला राग म्हणून ओळखणारी स्थिर दृष्टी आहे. दार आतून लावलेले असल्याने ते बाहेरून फोडण्यात अर्थ नव्हता. स्वतःशी बोलतानाही हेच लागू पडते. आपल्या आत ताटी लावून बसलेला कोणी असेल, तर त्याला दरडावून बाहेर काढता येत नाही. तेथे मुक्ताईचाच सूर लागतो. ज्याला तो सूर स्वतःसाठी लावणे जड जाते, त्याने एवढेच विचारून पाहावे : हीच चूक धाकट्या बहिणीकडून वा भावाकडून झाली असती, तर आपण काय बोललो असतो?

पारखीचा रोजचा सराव

विचार पटला तरी तो अंगवळणी पाडण्याचा प्रश्न उरतो. पारखवादाची दृष्टी आणि मानसशास्त्राचे निष्कर्ष एकत्र ठेवले असता काही साध्या रीती हाती लागतात.

पहिली रीत थांबण्याची. निर्णय तातडीचा नसेल तर तो राग, भूक, जागरण किंवा अपमान यांच्या भरात घेऊ नये. शरीर शांत झाल्यावरही जो आवाज टिकून राहतो, त्याला अधिक मान द्यावा. भीतीचा आवाज बहुधा घाई करतो आणि ‘नेहमीच’, ‘कधीच’, ‘सगळे’ असे शब्द वापरतो. अनुभवाचा आवाज नेमके बोलतो : हा माणूस, ही अट, ही तारीख.

दुसरी रीत नाव ठेवण्याची. मनात वाक्य उमटले, की ते कोणाचे, हे विचारावे. ‘चार लोक काय म्हणतील’ हे वाक्य बहुतेक वेळा आपले नसते, आपण ते वारशाने घेतलेले असते. वारसा सगळाच टाकाऊ असतो असे नव्हे. परंतु तो वारसा आहे एवढे ओळखले तरी त्याचे ओझे हलके होते.

तिसरी रीत गोव्यात अनेकांच्या अनुभवातील आहे. मोठ्या निर्णयापूर्वी देवळात कौल घेण्याची येथे परंपरा आहे. ज्याची श्रद्धा असेल त्याच्यासाठी त्या कौलाचे मोल मोठे. श्रद्धेच्या त्या प्रश्नात न शिरताही एक गोष्ट टिपता येते. पाकळी पडण्याची वाट पाहत असताना किंवा ती पडल्याच्या क्षणी, आपल्याला नेमके काय हवे होते ते अनेकांना लख्ख कळते. उजवा कौल मिळूनही मन खट्टू झाले, तर त्या खट्टूपणाने काहीतरी सांगितलेले असते. घरबसल्याही हा प्रयोग करता येतो. निर्णय झाला असे समजून एक दिवस वावरावे आणि मन व शरीर काय म्हणते ते पाहावे.

चौथी रीत वहीची. कानेमन व क्लाईन यांची दुसरी अट, म्हणजे अंदाज आणि निकाल यांची गाठ घालणे, बहुतेकांच्या आयुष्यात पूर्ण होत नाही, कारण माणूस आपले अंदाज विसरतो. एका साध्या वहीत डावीकडे ‘मला काय वाटले होते’ आणि उजवीकडे ‘काय झाले’ असे लिहीत गेले, तर काही महिन्यांत स्वतःचा कस कळू लागतो. माणसे ओळखण्यात आपण बरे, पैशाच्या अंदाजात कच्चे, आणि संकटाची कल्पना नेहमी दुप्पट करून पाहणारे, अशी ज्याची त्याची ओळख त्यातून घडते. हा आत्मविश्वास घोषणेतून आलेला नसल्याने एका अपयशाने ढासळत नाही.

पाचवी रीत लहान शब्द पाळण्याची. दुसऱ्यावरचा विश्वास तो शब्द पाळतो म्हणून बसतो. स्वतःवरचाही तसाच. रोज तासभर व्यायामाचा संकल्प करून तिसऱ्या दिवशी सोडणारा माणूस स्वतःच्याच नजरेत खोटा ठरतो. त्याने दहा मिनिटे चालण्याचे ठरवावे आणि ते पाळावे. एखादा दिवस चुकला तर दंड न ठोठावता दुसऱ्या दिवशी पुन्हा निघावे. करुणा आणि शिस्त यांचे खरे ऐक्य या ‘पुन्हा निघण्यात’ आहे.

यात सत्संगाचे स्थानही विसरता येणार नाही. पारखवादाने आतल्या शक्तीवर भर दिला तरी पारखी गुरूची गरज नाकारली नाही. स्वतःच्या मनाची रेघ स्वतःलाच नेहमी दिसते असे नाही. ज्याला आपल्या निर्णयात काही मिळवायचे वा गमवायचे नाही आणि जो खरे बोलायला कचरत नाही, असा एखादा स्नेही असणे भाग्याचे.

भूमिगत पाणी आणि त्याची निगा

बुऱ्हाणपूरला येणारे अभ्यासक आणखी एक आश्चर्य पाहतात. त्याला कुंडी भंडारा किंवा खुनी भंडारा म्हणतात. सातपुड्याच्या टेकड्यांवरून तापीकडे झिरपणारे पाणी जमिनीखालीच अडवून, केवळ उताराच्या जोरावर शहरापर्यंत आणणारी ही मुघलकालीन योजना अब्दुल रहीम खानखाना यांच्या सुभेदारीच्या काळात, १६१५ च्या सुमारास उभी राहिली. इराणी पद्धतीच्या या भूमिगत वाहिनीवर ठराविक अंतराने शंभराहून अधिक कुंड्या, म्हणजे विहिरींसारखी उभी मुखे, ठेवली आहेत. हवा खेळती राहावी आणि आत उतरून गाळ काढता यावा, हा त्यांचा उपयोग. पाण्यातील चुन्याचे थर वाहिनीच्या भिंतींवर साचत जातात. निगा राखली नाही तर वाट अरुंद होते.

आतल्या शहाणपणाविषयी या रचनेतून एक व्यावहारिक गोष्ट शिकण्यासारखी आहे. पाणी तेथे कोणी निर्माण केले नाही. ते डोंगरातून झिरपतच होते. कारागिरांनी त्याची वाट ओळखली आणि ती मोकळी ठेवण्याची सोय केली. अनुभवही असाच नकळत झिरपत असतो. त्याच्यापर्यंत पोहोचायचे तर दिवसाकाठी निवांतपणाची काही मुखे राखून ठेवावी लागतात : सकाळचे काही क्षण फोनविना, संध्याकाळची एकट्याने केलेली फेरी, झोपण्यापूर्वी वहीतील चार ओळी. आणि गाळ साचला तर तो उपसावा लागतो. गाळ साचतो म्हणून झऱ्याला दोष देण्याचे कारण नाही.

मदत केव्हा घ्यावी

या साऱ्या विवेचनाला एक महत्त्वाची मर्यादा आहे. नैराश्य, तीव्र चिंता किंवा एखाद्या आघाताचा परिणाम असताना आतला आवाज आजाराच्या रंगात बुडालेला असतो. ‘माझ्यामुळे सर्वांना त्रास’, ‘यातून वाट नाही’ ही वाक्ये त्या वेळी अत्यंत खरी वाटतात. कसोटीचा दगडच तेलकट झालेला असताना त्यावर ओढलेल्या रेघेवर विसंबता येत नाही. अशा वेळी ‘मनाचे ऐक’ हा सल्ला घातक ठरू शकतो. तेव्हा दुसऱ्याचा हात धरणे हीच खरी पारख असते.

या बाबतीत गोव्याने जगाला उपयोगी पडावे असे काम केले आहे. ‘संगाथ’ या येथील संस्थेच्या पुढाकाराने राज्यातील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. तीव्र स्वरूपाचे नैराश्य असलेल्या सुमारे पाचशे रुग्णांचा त्यात समावेश होता. त्यांतील एका गटाला, मानसोपचाराची पदवी नसलेल्या परंतु प्रशिक्षण घेतलेल्या समुपदेशकांनी काही भेटींतून मदत केली. केवळ नेहमीचे उपचार मिळालेल्यांपेक्षा या गटातील रुग्णांत अधिक सुधारणा दिसली. त्या पद्धतीचा मुख्य भर होता तो, मनाला उभारी येण्याची वाट न पाहता अर्थपूर्ण वाटणारी छोटी कामे पुन्हा सुरू करण्यावर. लहान कृती करावी, तिचा परिणाम पाहावा आणि त्यातून मनाचा निवाडा बदलू द्यावा, ही रीत वहीच्या आणि लहान शब्दाच्या रीतीशी जुळणारीच आहे. फरक इतकाच, की आजारात ती एकट्याने पेलत नाही.

दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी, झोप वा भूक यांत बदल, कशातच रस न वाटणे असे चालले असेल तर जवळच्या आरोग्य केंद्रात किंवा बांबोळी येथील मनोविकार व मानवी वर्तन संस्थेत सल्ला घ्यावा. स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील तर दोन आठवड्यांची वाट पाहू नये. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे. मदत मागणे हा आत्मविश्वासाचा अभाव नाही. आपला हात आत्ता कापतो आहे, हे ओळखून दागिना जाणत्याकडे सोपवणारा सोनार आपल्या कामाशी प्रामाणिकच असतो.

निर्णय कोणाचा?

बुऱ्हाणपूरच्या परंपरेने माणसाला एक जबाबदारी दिली आणि तिच्याबरोबर एक अधिकारही दिला. जबाबदारी अशी, की ऐकलेले, वाचलेले आणि मनात आलेले काहीही न पारखता स्वीकारू नये. अधिकार असा, की ही पारख करण्यास तो स्वतः पात्र आहे. आज सल्ल्यांचा सुकाळ आहे. मोबाईलच्या पडद्यावर दर मिनिटाला कोणीतरी यशाचा, सुखाचा, नात्यांचा मंत्र सांगत असतो. त्यांतील एखादा उपयोगी असेलही, पण तो आपल्या आयुष्याला लागू पडतो का, हे ठरवण्याचे काम सांगणाऱ्याला करता येत नाही.

ते काम ज्याचे त्याने करायचे आहे आणि ते करताना चुका होणार आहेत. चूक झाली म्हणजे पारखण्याची पात्रता संपली असे नव्हे. चुकलेली रेघही पुढच्या तुलनेसाठी उपयोगी पडते, अट एवढीच, की ती पाहण्याचे धैर्य असावे. ते धैर्य दरडावण्यातून येत नाही. चुकलो तरी आपण स्वतःला घराबाहेर काढणार नाही, एवढी खात्री ज्याला स्वतःविषयी असते, त्याच्यापाशी ते असते. स्वतःवरच्या विश्वासाचा आरंभ तेथूनच होतो.